त्याच बॅचची बाटली

"हॅलो? …हो, किशोरीच बोलतेय. बोल."

क्रांतीचा फोन येणार हे किशोरीला ठाऊकच होतं. किहीमच्या तिच्या छोट्या हॉटेलात काल एक साखरपुडा झाला. क्रांती मुरुडकडे जांभळाची वाइन बनवायची. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, म्हणून पाहुण्यांसाठी तिचीच वाइन ठेवली होती. पहिल्याच घोटाला मुलाच्या वडिलांनी ग्लास बाजूला सारला. किशोरीनं चाखून पाहिली, तर निव्वळ व्हिनेगर. सकाळी उठून तिनं क्रांतीला तसा मेसेज टाकला होता.

"आंबट म्हणजे? अगं, लोणच्यात घालावी अशी… नाही, उन्हात कशाला ठेवेन? थंड खोलीत होती… हो, हो, वीज गेली होती, पण जनरेटर आहे ना… अगं ऐक ना…"

क्रांती ऐकत नव्हती. आधी तिनं उन्हाला दोष दिला, मग विजेला, मग म्हणाली, ग्लास नीट धुतले नसतील. आणि एकदम सूर बदलून ती सांगू लागली की उद्याच टेम्पो पाठवते, नवी खोकी ठेवून घे आणि जुन्या बाटल्या झाडून सगळ्या परत दे. इथे किशोरीच्या मनात पाल चुकचुकली.

"सगळ्या? …न उघडलेल्यासुद्धा? …का गं? चूक माझी असेल तर तुला त्या कशाला हव्यात?"

क्रांतीनं विषय मुलांच्या शाळेवर नेला. किशोरीनं तो परत आणला.

"तुझ्याकडे याच बॅचची एखादी असेल ना? …मग आण. लेबलवरचा नंबर वाच… हां, तोच. उघड. मी थांबते."

नंबर एकीचा वाचून हिनं बाटली दुसरीच उघडली तर? हा विचार आला आणि किशोरी स्वतःशीच वरमली. तरी फोन तिनं कानाला घट्ट धरला. बूच निघाल्याचा आवाज आला. ग्लास वाजला. लगेच नळाचं पाणी. मग क्रांती म्हणाली की छान आहे, नेहमीसारखीच.

"छान आहे? …क्रांती, थुंकलीस ना तू? …मला ऐकू आलं."

क्रांती अडखळत सांगू लागली. टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं, आत हवा गेली. बाटल्या भरतानाच तिला वास आला होता. पण हंगामाची सगळी जांभळं त्या एकाच टाकीत होती, ओतून द्यायला हात धजला नाही. सांगता सांगता तिचा आवाज चिरकला.

किशोरीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ते तिनं गिळलं.

"रडू नकोस. आपण भांडू नंतर… हो, भांडणार आहे मी. आधी सांग, हा माल अजून कुणाकडे गेलाय? …आणि? …आगरदांड्याला, लग्नासाठी? कधी आहे ते? …आज?"

ती खुर्चीतून उठलीच.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस? त्यांना फोन लाव… काय वाटेल ते वाटू दे. खरं तेच सांग. ठेवते मी."

आणि क्रांती आणखी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.