बॅटरी उतरलीय

आमी मूळचे वरकुट्याचे, इंदापूर तालुक्यातले. माझं नाव भागुजी, पण भवानीनगरला साखर कारखान्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाय, तितं मी भागूतात्या, न्हायतर नुसता डायवर. वडील दुसऱ्याच्या रानात राबले. छप्पननंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला, तवापासनं वडलांचं एकच म्हणणं, पोराच्या हातात कसब पाहिजे, कुणाच्या दारात ताटकळत उभं राहायची पाळी यायला नको. मग मी ट्रकवर क्लीनर राहिलो, लायसन काढलं, आन कारखान्यात डायवर म्हणून चिकटलो. पंचवीसएक वर्षं सायबांची गाडी चालवली. सायेब बदलत गेले, शेवटची पंधराएक वर्षं गाडी मात्र एकच, पांढरी ॲम्बेसिडर. आन दारात ताटकळत उभं राहायचं म्हणाल तर, डायवरला दुसरं काम काय असतं?

तुमी लिहून घेताय तर हे डायवरकीचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातनंच झालं. गाडी थांबली की आपण पहिलं उतरायचं, मागचं दार उघडायचं, सायेब आत गेले की फडकं घेऊन काच पुसायची. डबा गाडीत खायचा न्हाय, झाडाखाली खायचा. मागच्या शीटवर पांढरा टॉवेल असायचा, तो रोज बदलायचा. त्या शीटवर मी इतक्या वर्षांत एकदाबी बसलो न्हाय. पुसताना गुडघा टेकला असंल, तेवढाच. कुणी सांगितलं न्हवतं तसं. पण न्हाय बसलो.

नव्वद सालाच्या पुढं कारखान्यानं नव्या गाड्या घेतल्या आन जुनी लिलावात काढली. माझी नोकरीबी संपत आलेली. मी ती गाडी घेतली. तिचा खटका, तिचा आवाज, तिसरा गेर कुठं अडतो, सगळं मला माहीत, दुसऱ्या कुणाच्या हातात ती कशी द्यायची? आमच्या माणसांत पहिली चारचाकी माझ्या दारात आली. शेवंतानं, म्हणजे माझ्या मंडळीनं, बॉनेटवर फुलं वाहिली आन पुढं काचेपाशी बुद्धाची बोटभर मूर्ती चिकटवली. मग म्हणली, चला, एक चक्कर मारू. आन मागं बसायला निघाली. माझ्या तोंडातनं निघून गेलं, पाय झटक.

तिनं माझ्याकडं बघितलं. चपला काढल्या, एकमेकीवर आपटल्या, आन मांडीवर घेऊन बसली. कारखान्याच्या गेटापर्यंत जाऊन आलो. ती अशी अंग चोरून बसलेली, टॉवेलला पाठ लागू नये म्हणून. उतरताना म्हणली, सायेब अजून उतरले न्हाईत वाटतं गाडीतनं.

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करती.

त्यापुढं गाडी दारात उभी. बारामतीहून ताडपत्रीवाल्याकडनं मापाचं झाकण शिवून आणलं, बारीक कड मारलेलं. रोज सकाळी झाकण काढायचं, गाडी पुसायची, इंजिन जरा चालवायचं, परत झाकायचं. शेजारी आबा हायेत आमचे, मिलमध्ये फिटर होते, ते जाता-येता इचारायचे, काय तात्या, गाडी हाय का मयत झाकलीया? मग लोक गाडी मागायला लागले, कुणाला नवरदेवासाठी, कुणाला पाहुणे आणायला. न्हाय म्हणायला जड जातं, म्हणून मी म्हणायला लागलो, बॅटरी उतरलीय.

आता मी खोटं बोलणारा माणूस न्हवे. मग काय करायचो, सांगायला लाज वाटती, पण लिहा तुमी, बॅटरीची वायर काढून ठेवायचो. चावी फिरवली तर खरंच काय व्हायचं न्हाय. जयंतीला वस्तीतली माणसं आली, म्हणली तात्या, मिरवणुकीत फोटो आपल्याच माणसाच्या गाडीत पाहिजे, औंदा ट्रॅक्टर नको. त्यांनाबी मी तेच सांगितलं, आन चावी फिरवून दाखवली. ते ढकलायलाबी तयार होते. मी म्हणलं, नको, गेरबॉक्सला लागंल. फोटो ट्रॅक्टरवरनंच गेला. मी मिरवणुकीत चालत होतो, निळा फेटा बांधून, आन एक नजर सारखी मागं, घराकडं, झाकण वाऱ्यानं उडालं का काय म्हणून.

शेवंताचं माहेर भीमेच्या काठी. होतं. उजनीचं धरण झालं तवा ते गाव पाण्यात गेलं, माणसं वर उठून आली, कोण कुठं कोण कुठं. पण उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की जुनं गाव उघडं पडतं, भिंतीचे पाये, आडाचं तोंड, देवळाची शिळा. जास्त दिवस न्हाय, महिना-दीड महिना, मग पाऊस झाला की परत पाणी. तर ती म्हणायची, अवो, औंदा पाणी लई खाली गेलंय म्हणत्यात, एकदा मला माझ्या बाचं घर बघून येऊ द्या. बाकी काय मागायची न्हाय ती. साडी न्हाय, डागिना न्हाय. एवढंच.

पण हायवे सोडला की तितं नुसता फुफाटा, गुडघा-गुडघा माती, आन मधी धोंडे. खालनं चेंबरला धोंडा लागला तर ऑइल गळंल. मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, तवर रस्ता करतील. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणलं, टायर बदलू मग जाऊ. तिसऱ्या वर्षी ती म्हणली, मी यष्टीनं जाऊन येते फाट्यापर्यंत, तितनं चालत जाईन. तर मी चिडलो. गाडी दारात असताना बायको यष्टीत उभी? लोक काय म्हणतील? आपल्या गाडीनं जायचं, रुबाबात जायचं. म्हणजे बघा, गाडी बाहेर काढायची न्हाय, आन गाडी हाय म्हणून यष्टीबी न्हाय. पायी जात होतो तवा आमी जास्त फिरलो.

डोळ्यांचंबी तसंच झालं. शेवंता दाराच्या चौकटीला धडकायला लागली. कडेनं कुणी आलं तर दचकायची. म्हणायची, समोरचं दिसतं, पण नळीतनं बघावं तसं. वय झालं म्हणलं. ती म्हणली, बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. मी म्हणलं दाखवू की, आपल्या गाडीनं जाऊ, पण पाऊस उघडू दे, कालव्याकडंचा रस्ता राडा झालाय. पाऊस उघडला तर उसाच्या गाड्या सुरू झाल्या, रस्त्यावर ट्रॅक्टर आन बैलगाड्या, कुणी घासून गेलं म्हणजे? म्हणलं सिझन संपू दे. भवानीनगर ते बारामती काय लांब हाय का सांगा. सायबांना घेऊन दिवसातनं दोनदा गेलोय मी.

शेवटी आमची सुनंदा, लेक, इंदापूरला शाळेत बाई हाय, ती सुट्टीला आली. आईनं भाकरी तव्यावर टाकायच्या ऐवजी तव्याच्या कडंला टाकलेली तिनं बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसत होतो, या दोघी पिशवी घेऊन निघाल्या. मी म्हणलं, कुठं? सुनंदानं पिशवी खांद्याला लावली. शेवंताच म्हणली, बारामतीला. तुमी राहू द्या, बॅटरी उतरली असंल.

आन मी राहू दिलं. हातात फडकं होतं. बघत उभा राहिलो, तर ती लेकीचा दंड धरून स्टँडकडं चाललीय, पाय चाचपत.

संध्याकाळी आल्या. काचबिंदू म्हणाले. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत न्हाय, आधी आला असता तर होती तेवढी राखता आली असती, आता थेंब टाका, राहील तेवढी राहील. सुनंदा मला एवढंच म्हणली, तात्या, सायबांची बायको असती तर किती वाजता गाडी काढली असती तुमी? उत्तर होतं माझ्याकडं. डायवरला हे पाठ असतं. पाच मिनिटांत काढली असती.

पुढचा उन्हाळा येईस्तोवर तिला नुसता उजेड-अंधार कळायला लागला. मे महिन्यात आबा म्हणाले, तात्या, उजनी औंदा पार तळाला गेलीय. मी झाकण काढलं, वायर लावली, आन तिला म्हणलं, चल, तुझ्या माहेराला. ती म्हणली, आता काय बघू मी तितं? पण साडी बदलून आली. चपला काढायला वाकली तवा मी म्हणलं, राहू दे पायात. म्हणली, आता सवय झाली. घेतल्या मांडीवर.

भिगवणच्या अलीकडं तिनं मागनं इचारलं, वायर घट्ट बसवली का? मी म्हणलं, कसली वायर? म्हणली, बॅटरीची. मला दिसत होतं तवा बघितली होती, बॉनेट उघडं टाकून तुमी पाणी प्यायला गेला होता.

काय सांगू तुमाला. पंचवीस वर्षांत माझ्या हातनं गाडी कधी वाकडी गेली न्हाय, ती त्या दिवशी गेली. मी म्हणलं, मग बोलली का न्हाईस? म्हणली, जन्मात एक वस्तू तुमी सोतासाठी घेतली. असू दे म्हणून बोलले न्हाय.

हायवे ओलांडला, फुफाट्यात गाडी घातली. खाली दोनदा धोंडा लागला. लागू दे म्हणलं. पाणी लांब गेलेलं, गाळ वाळून भेगा पडलेल्या, एका बाजूला कुणी कलिंगडं लावलेली. तितं गाडी थांबली. मी पहिलं उतरलो, मागचं दार उघडलं, सवयीनं. ती अनवाणी उतरली. ऊन मी म्हणतंय, म्हणलं चपला घाल. म्हणली, चपलेनं कळत न्हाय.

आन ती चालायला लागली. मी हात धरायला गेलो तर म्हणली, तुमीच माझा धरा, तुमाला माहीत न्हाय हितलं. पायानं चाचपत म्हणायची, हा पाणंदीचा उतार. हितनं डाव्या हाताला गाव, आपण उजवीकडं, आपली वस्ती खाली. हा आपला आड. मी बघितलं तर खरंच आडाचं तोंड, गाळानं भरलेलं. अजून पाच-पन्नास पावलं गेली, एका लांब दगडावर पाय पडला, तशी थांबली. पायाच्या अंगठ्यानं दगड चाचपला. मधी खळगा होता, वाटीएवढा. म्हणली, हाच. हितं मी चिंचोके फोडायची, बा शिव्या द्यायचा, उंबऱ्याला खड्डा पाडला म्हणून.

उंबऱ्यावर बसली. बोटं खळग्यात फिरवीत होती. मी आपला उभा, हातात फडकं. गाडीतनं कवा घेतलं तेबी कळलं न्हाय. ती म्हणली, बसा की. सायेब न्हाय हितं कुणी.

बसलो. मला रडायला आलं, ते तिला दिसलं न्हाय. पण कळलं असंल का, कुणास ठाऊक. मग इचारायला लागली, पाणी कुठवर हाय? समोरची टेकडी दिसती का? तिच्यावर लिंबाचं झाड होतं, हाय का? मी सांगत गेलो. लिंब न्हवता. मी हाय म्हणलं. आता तुमाला सांगतो, तेवढं एक खोटं मी वायर न काढता बोललो.

भाकरी गाडीत खाल्ली, मागच्या शीटवर, दोघांनी. पयल्यांदा बसलो मी तितं. शीट मऊ होती. इतक्या वर्षांत मला ते माहीत न्हवतं.

ते झाकण मी आबांना दिलं, त्यांनी कडब्यावर टाकलं. आता गाडी सगळ्यांची. नवरदेव जातो, बाळंतीण येती, जयंतीला फोटो जातो, चालवायला मीच. चार ठिकाणी घासलीय, एक दार दोरीनं बांधतो. आन दर रविवारी आमी दोघं निघतो, कधी इंदापूर, कधी कालव्याच्या कडंकडंनं नुसतंच. ती इचारती, काय दिसतंय? मी म्हणतो ऊस. म्हणती, नुसता ऊस व्हय? मग मी नीट बघतो. उसाला तुरा आलाय का, पाटाला पाणी कुणाचं चाललंय, कुणाच्या दारात मांडव हाय. सगळा जन्म या रस्त्यावर गेला, आन मी रस्ता सोडून काय बघितलंच न्हवतं.

कुणी गाडी मागायला आलं की ती आतनं वरडती, आधी बॅटरी बघा म्हणावं! सगळे हसत्यात. मीबी हसतो, पण त्यांच्याकडं बघून न्हाय.

तुमी लिहिणारे, तुमच्याकडं गाडी असंल, नसंल. असली तर घरच्या माणसाला आजच बसवा, धुळीतनं न्या. तुमचं भलं होवो, तुमची नजर शाबूत राहो. आयुष्य ते केवढं असतं.

आमचं आता बरं चाललंय. मी दार उघडतो, ती बसती. पाय झटक मी एकदाच म्हणलो होतो, आन चपला पायातच ठेव असं हजारदा म्हणून झालं. पण ऐकत न्हाय. अजून मांडीवरच घेती.