नऊचा राजीनामा आणि माझं सोवळं

...अहो, पण मी करणार तरी काय होतो? मी सोवळ्यात होतो! हेच मी मुलाला, निहारला, सांगितलं, विहीणबाईंना सांगितलं, आणि आता तुम्हीही माझ्याकडे असं पाहू नका, जणू राजीनामा सुनेने नव्हे, मीच दिला! शेचाळीस वर्षं झाली या कानडी मुलखात, या जयनगरात, सोमवारचा अभिषेक एकदाही चुकला नाही, आणि नेमक्या त्याच सोमवारी, साडेआठ वाजता, मी मुकटा नेसून पाटावर बसलेला, विठोबा ताम्हनात, दुधाचा हात... आणि आमची सूनबाई, भार्गवी, येते काय, देवघराच्या उंबऱ्याबाहेर स्टूल ठेवते काय, स्टुलावर उघडा लॅपटॉप ठेवते काय आणि म्हणते, "बाबा, हा माझा राजीनामा. नऊ वाजता आपोआप जाईल."

आपोआप! तुम्हाला सांगतो, घंटी माझ्या हातातून निसटली!

"पण," ती म्हणाली, अगदी शांतपणे हो, "तुम्ही प्रवचनात जे सांगितलंत, ते तुमचं तुम्हालाच खरं वाटत नसेल, तर हे बटण दाबा. थांबेल. खरं वाटत असेल, तर पूजा चालू ठेवा." आणि चपला घालून बाहेर!

आता ते प्रवचन. त्याचं मूळ सांगायला हवं. आमच्या भजनी मंडळाची पेटी बिघडली. पांढऱ्या पाचचा सूर असा, की आर्त आळवणीच्या मध्येच कोणीतरी दार करकरत उघडतंय! आमचे पेटीवाले हयवदनराव ती घेऊन घरी आले आणि त्यांच्या कानडी-मराठीत म्हणाले, "रायरे, स्वल्प बघा, सरी होते का." म्हणजे, जरा बघा, नीट होते का. मला पेटीतलं काय कळतं? पण भार्गवीने पेटी जेवणाच्या टेबलावर घेतली, खोलली, पितळी पट्टी कानशीने हलक्या हाताने घासली, कान लावला, पुन्हा घासली... चार तास! व्हाइटफील्डच्या कचेरीतली मोठी अधिकारी मुलगी, जिचा फोन जेवताना तिच्या ताटाशेजारी जेवतो, तिने चार तास फोनकडे पाहिलं नाही. आणि तो सूर लागला तेव्हा ती हसली. लग्नाला सहा वर्षं झाली, ते हसू मी प्रथमच पाहत होतो.

झालं! पुढच्या एकादशीला मी मंडळात बोललो. म्हटलं, आपले संत पाहा, एक मडकी घडवीत होता, एक मळ्याला पाणी देत होता, एक कापड बेतत होता, कोणी काम सोडून देव शोधायला गेला नाही, देवच त्यांच्या कामात येऊन बसला. आणि मग, जीभ सैल सुटली की माणसाला थांबता येत नाही, मी म्हणालो, "ज्या कामाला नमस्कार करावासा वाटत नाही, ते काम नव्हे, ती नुसती हजेरी!" टाळ्या पडल्या. हयवदनरावांनी डोळे पुसले. मी भाबडा! टाळ्यांत भार्गवी नव्हती, ती लिहून घेत होती, हे मला काय ठाऊक?

तर साडेआठचं बघा. नाही, आठ चाळीस झाले होते. मी पुरुषसूक्त म्हणतोय आणि डोळा लॅपटॉपवर. तिसरी ऋचा दोनदा झाली, चौथी झालीच नाही. म्हटलं, "अगं शुभदा! ते बटण..." तर आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून, "मला नाही सांगितलं तिने. प्रवचन कोणी केलं?" मी म्हणालो, "मी सोवळ्यात आहे!" तर, "मग बसा सोवळ्यात!"

तेवढ्यात निहारचा फोन. ऑफिसच्या गाडीत अडकलेला. शुभदाने फोन माझ्यापुढे धरला, दोन हात लांबून. आतून नुसता कल्लोळ! डावा कान माझा मंद, मी मान पुढे केली, तिने हात पुढे केला, तेव्हा कुठे ऐकू आलं. "बाबा, कॅन्सल करा! पुढच्या महिन्यात तिचं प्रमोशन आहे! पेट्या दुरुस्त करायचं दुकान काढणार म्हणते! बाबा, ऐकताय ना? कॅन्सल!"

"अरे, मी सोवळ्यात..."

"सोवळं गेलं खड्ड्यात! तिने पत्रात तुमचं वाक्य घातलंय, इंग्रजीत! 'असे माझे सासरे म्हणतात' म्हणून!"

घ्या! म्हणजे तिच्या साहेबाला आता माझं नावही ठाऊक होणार!

आठ पंचावन्न. आता खरं सांगतो, इथे बाहेरचं कोणी नाही. मला आठवलं, परवा भार्गवीने चहा देताना विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कारखान्याच्या भांडारात छत्तीस वर्षं होतात. एकदा तरी नमस्कार केलात?" मी चहा गरम आहे म्हणालो. काय सांगणार होतो? की टेबलाच्या खणात आरत्यांची वही होती, आणि साहेबाची पाठ वळली की मी ती वाचत असे? की छत्तीस वर्षं मी भिंतीवरच्या घड्याळाचीच पूजा केली, आणि देव मला फक्त सकाळचा एक तास भेटला?

आठ अठ्ठावन्न. बटण हातभर अंतरावर. बोट ओलं. विठोबा ताम्हनात, कमरेवर हात ठेवून, मजा बघत उभा! मी उठलो... पुन्हा बसलो... दुधाची धार धरली. डोळा बटणावर, त्यामुळे धार मूर्तीवर कमी आणि पाटावर जास्त.

नऊ. लॅपटॉपातून एवढासा आवाज आला, निरांजन विझल्यासारखा. गेलं!

निहारने दोन दिवस माझ्याकडे जाब मागितला. मी एकच सांगत राहिलो, मी सोवळ्यात होतो. तिसऱ्या दिवशी शुभदा वाती वळता वळता, मान वर न करता म्हणाली, "फोन तुमच्या कानाला टेकला होता."

"कधी?"

"नऊला दहा कमी असताना. सोवळं तेव्हाच मोडलं. आणि ते तुम्हालाही कळलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बटण दाबलं असतंत ना!"

आता आमच्या दिवाणखान्यात सात पेट्या आहेत. बसायला जागा नाही. भार्गवी सूर तपासते, आणि भाता कोण मारतं? हा, चौऱ्याहत्तर वर्षांचा सेवानिवृत्त भांडारपाल! सकाळी दहाला हजर, पाच मिनिटं उशीर झाला की सूनबाई चष्म्यावरून बघते! कारखान्यात परवडलं, तिथे निदान युनियन होती. काल बसताना चुकून पेटीला हात लावून कपाळाला लावला, तर तिने पाहिलं. आणि हसली.

चला, दहाला आठ कमी आहेत, घरी पोचायला हवं. तुम्हाला वाटेत निहार भेटला, तर कृपा करून त्याला तेवढं ते कानाचं सांगू नका. म्हणावं, बाबा सोवळ्यात होते.