बॉल थांबेपर्यंत टाळ्या नकोत

इंदिराअक्का, मारुतीच्या टीममधले सगळे, मंडळाचे लोक, बँकेतले माझे जुने सहकारी, आणि व्हाइटफील्डहून एवढ्या ट्रॅफिकमधून चामराजपेटला आलेली कंपनीची तरुण मंडळी. तुम्ही सगळे आलात. हॉल भरलाय. मला बोलायला उभं केलंय, आणि मला काय बोलावं ते सुचत नाहीये. म्हणजे सुचतंय, पण ते इथे बोलावं की नाही हे कळत नाहीये. सेक्रेटरींनी जिना चढतानाच सांगितलं, श्रीकांत, पाच मिनिटं, आणि काहीतरी प्रेरणादायी बोला. मी हो म्हणालो. तिथेच अडकलो.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मारुती राव आणि मी एकाच बँकेत, एकाच शाखेत होतो. तो फोन ऑपरेटर, मी कर्ज खात्यात. तो जन्मापासून अंध. मी सोलापूरहून बदली होऊन आलो तेव्हा या शहरात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी फोन उचलला तर पलीकडून कुणीतरी मराठीत म्हणालं, "नवे साहेब काय? सरी, दुपारी डबा घेऊन खाली या." तो मारुती. त्याचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, म्हणून मराठीत बोलतानाही 'बरं'च्या जागी कन्नड 'सरी'. त्या डब्यापासून गेल्या आठवड्यापर्यंत आमचं बोलणं कधी थांबलं नाही. आता थांबलंय, आणि मला त्याची सवय नाही.

टीममधल्यांना एक सांगायचंय. तुमच्यातल्या काहींना मराठी येत नाही, तर शेजारचा सांगेल. माझ्या मागे एक फ्लेक्स लावलाय. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्यावर मारुतीचा फोटो आहे. काळा चष्मा, खांद्यावर शाल, हातात नारळ. बॅट नाही. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, प्रेरणास्थान.

डावीकडून हसू आलं. मला माहीत होतं येणार. बाकीच्यांना वाटेल, शोकसभेत हे लोक हसतात काय. त्यांचं कारण असं की मारुतीच्या टीममध्ये हा शब्द जो तोंडातून काढेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम होता. तेव्हा आज मंडळाकडे चहा लागू झालाय, सेक्रेटरीसाहेब.

माझी ही थट्टा कुणाला लागली असेल तर माफ करा. फ्लेक्स प्रेमाने लावलाय, हे मला कळतं. त्यालाही कळायचं. तीच तर त्याची अडचण होती. रागाने कुणी काही केलं असतं तर तो भांडला असता. भांडायला तो तयारच असायचा. प्रेमाशी कसं भांडणार?

तो क्रिकेट खेळायचा. ज्यांनी अंधांचं क्रिकेट पाहिलेलं नाही त्यांना थोडक्यात सांगतो. बॉल प्लॅस्टिकचा असतो, आत छर्रे असतात, तो खुळखुळतो. बोलर विचारतो, रेडी? बॅट्समन म्हणतो, येस. मग बोलर म्हणतो, प्ले, आणि खालून, जमिनीलगत बॉल सोडतो. बॅट्समनने येस म्हटल्याशिवाय बॉल हातातून सुटत नाही. आणि बॉल खुळखुळत असेपर्यंत प्रेक्षकांनी गप्प बसायचं. बॉल थांबला की मग काय हवा तो दंगा करा. प्रेक्षकांना पाळायला नियम एवढा एकच आहे.

शाखेच्या मागे पार्किंगमध्ये, ऑफिस सुटल्यावर, मी त्याला बॉलिंग करायचो. पहिल्या दिवशी मी अगदी हळू, जपून टाकला. त्याने बॅट खाली ठेवली आणि म्हणाला, "श्री, हा बॉल टाकलास की प्रसाद वाटलास?" दुसरा मी जोरात टाकला. तो चुकला. पुन्हा टाक म्हणाला. पुन्हा चुकला. चौथ्याला त्याने गुडघा टेकवून बॅट अशी काही झाडूसारखी फिरवली की मॅनेजरच्या स्कूटरचा आरसा गेला. त्या दिवसापासून मी त्याला कधी हळू टाकला नाही.

आता टाळ्यांचं सांगतो. एका कंपनीने मोठी मॅच ठेवली होती. तुमची नव्हे, दुसरी, घाबरू नका. बसा भरभरून लोक आणले. सगळ्यांना सारखे टी-शर्ट, हातात शिट्ट्या. चांगली मुलं होती, सुट्टीच्या दिवशी झोप सोडून आली होती. मारुती बॅटिंगला आला. बोलरने विचारलं, रेडी? मारुती म्हणाला, येस. बॉल सुटला, आणि त्याच क्षणी अख्ख्या स्टँडने टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या. कम ऑन अंकल. प्रोत्साहन म्हणून. बॉल खुळखुळत आला, मारुतीला फक्त टाळ्या ऐकू आल्या, आणि मागे स्टंप पडले. बोल्ड. शून्यावर.

आणि मंडळी, लोक उभे राहिले. तो आऊट होऊन परत येत होता आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला हाताला धरून आणत होतो. तो मला विचारतो, "श्री, मी आऊट झालो ना रे? नक्की?" मी म्हटलं, झालास. "मग हे काय करतायत?"

पुढे बक्षीस समारंभ. पाहुणे म्हणाले, यांच्याकडे बघून आपले प्रॉब्लेम किती छोटे आहेत ते कळतं. मारुती माझ्या कानाशी म्हणाला, "यांचे प्रॉब्लेम छोटे करायला मी पहाटे उठून आलो काय?" आणि मग त्यालाच स्पेशल ट्रॉफी दिली. शून्य काढलेल्या माणसाला. ज्या पोराने एकट्याने मॅच काढली होती ते मागे उभं. ती ट्रॉफी मारुतीच्या घरी, अक्कांच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेली आहे. खरं की नाही, अक्का? मान हलवतायत. अजून आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास व्हायचा तर सांगायचं होतं. नाही म्हणायचं होतं. मीही म्हटलं होतं त्याला. एकदा नव्हे, अनेकदा. तो म्हणायचा, "नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात ग्राउंड कोण देईल? बॉल कोण आणेल? नव्या पोरांना बूट?" शाल घ्यायला मान खाली घालावी लागते. ती घातली की ग्राउंड मिळतं. मारुती ताठ मानेचा माणूस. या टीमसाठी त्याने ती किती वेळा खाली घातली, ते मी शेजारी उभा राहून पाहिलंय. प्रत्येक वेळी माझा हात घट्ट धरायचा. फोटोत हसू दिसायचं. हात फोटोत येत नसे.

यातून बाहेर यायला त्याला वाटच नव्हती. चांगला खेळला तर म्हणणार, काय जिद्द. वाईट खेळला तर म्हणणार, तरीही काय जिद्द. मग चांगलं खेळून उपयोग काय? ज्याला कुणी कधी नावं ठेवत नाही, त्याचा खेळ कुणी पाहिलाय असं म्हणायचं तरी कसं?

एकीने मात्र पाहिला. माझी बायको, शैला. तिला क्रिकेटचा मनस्वी कंटाळा. एका रविवारी आम्हाला मॅचवरून परस्पर एका बारशाला जायचं होतं, म्हणून नाइलाजाने आली, भरजरी साडी नेसून ग्राउंडवर बसली. मारुती फिल्डिंगला होता. पूर्ण अंध खेळाडूने एक टप्पा पडून बॉल पकडला तरी कॅच धरतात. बॉल उडाला, एक टप्पा, सरळ त्याच्या हातात आला आणि सुटला. बॉल थांबला. सगळीकडून नेहमीचं सुरू झालं, वेल ट्राइड, वेल ट्राइड. आणि त्यात शैलाचा खणखणीत आवाज, "काय हो भावजी, किती सोपा होता."

मला वाटलं जमीन दुभंगावी. लोक तिच्याकडे असे बघायला लागले की जणू तिने देवळात चप्पल नेली. आणि तिकडे मारुती हसतोय. पोट धरून हसतोय. मॅच संपल्यावर तडक आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वैनी, किती सोपा होता, नीट सांगा." आणि शैलाने सांगितलं. हात असे हवे होते, तुम्ही मागे सरकलात, घाई केलीत. मारुती एखादं जेवण जेवावं तसं ते ऐकत होता. तिथून पुढे फोन आला की पहिला प्रश्न, "वैनी येणार ना? त्या नसल्या तर शिव्या कोण देणार?"

आम्ही बारशाला उशिरा पोचलो. रिक्षात शैला म्हणाली, दोन तास माझे गुडघे दुखतात हे मी विसरले होते. तो बॉल येतो, सगळं ग्राउंड श्वास धरून बसतं, आणि तो खुळखुळ आवाज जवळ येत जातो, तेव्हा माझी बोटं आपोआप तोंडात जातात. पुढची मॅच कधी आहे?

मारुतीने आम्हाला काय दिलं, मंडळी, ते हे. आमचा रविवार चांगला गेला. आम्ही नखं खाल्ली, एलबीडब्ल्यूवरून भांडलो, हरल्यावर आम्हाला जेवण गेलं नाही. खेळाडू प्रेक्षकाला याहून जास्त काय देतो? आणि त्याला यापेक्षा जास्त काही द्यायचंही नव्हतं.

आता शेवटच्या दिवसांचं. हॉस्पिटलमध्ये त्याला मास्क लावलेला होता. तिथेही काही लोक आले. कोण, ते राहू द्या. प्रेमानेच आले. मोबाइल समोर धरला आणि म्हणाले, अंकल, यू आर अ फायटर, तरुणांना एक मेसेज द्या. त्याला बोलता येत नव्हतं. कुशीवर वळताही येत नव्हतं, इतक्या नळ्या. मग त्याने अंगठा वर केला. तो व्हिडिओ तुमच्यातल्या सगळ्यांच्या फोनवर आला असेल. किती जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं असेल.

ते लोक गेल्यावर त्याने खुणेने मला मास्क बाजूला करायला सांगितलं. नर्स नको म्हणाली, मी स्वल्प बाजूला केला. तो म्हणाला, "श्री, मी घाबरलोय रे. सगळे फायटर म्हणतात. मग हे सांगू कुणाला?" मी म्हटलं, मला सांग. तो म्हणाला, "सांगितलं की. हात धर."

मी हात धरला. दुसरं काही करता आलं नाही. या माणसाला आयुष्यभर वाईट खेळायची मुभा नव्हती, आणि शेवटी घाबरायचीही नव्हती. याचा मला राग येतो. कुणाचा ते मला सांगता येत नाही, कारण इथे बसलेलं प्रत्येक माणूस त्याच्यावर माया करणारं आहे.

आणि मघाशी इथून घोषणा झाली. या रविवारी महादेवपुऱ्याच्या ग्राउंडवर आपल्या टीमची मॅच होती. तिच्या जागी मारुतीच्या स्मरणार्थ प्रेरणा दिन होणार. सत्कार, भाषणं, आणि शेवटी दोन ओव्हरचं प्रात्यक्षिक. टीममधून कुणीही काही बोललं नाही. बोलणार कसे? ग्राउंड तुमच्या, कंपनीवाल्यांच्या ओळखीने मिळतं. मीही जागेवर बसून टाळी वाजवली. हात आपोआप वर गेले. मग जाणवलं, तो इतकी वर्षं जिथे उभा होता, तिथे आज मी आहे.

तर मी बोलतो. मला कुणी शाल घालणार नाही, माझ्यावर कुणाचे बूट अवलंबून नाहीत, म्हणून मला हे सोपं आहे. तुम्हाला हात जोडून विनंती करतो. रविवारी पूर्ण मॅच होऊ द्या. सत्कार नको. भाषण नको, माझंही नको. टी-शर्ट घालून या, शिट्ट्या आणा, पण बॉल थांबेपर्यंत खिशात ठेवा. कॅच सुटला तर सुटला म्हणा. तुम्ही ऐकाल की नाही, मला माहीत नाही. शैला येणार आहे, आणि तिला जे दिसेल ते ती बोलणार आहे.

आता सगळ्यांनी उभं राहूया. माझ्या हातात बॉल आहे. पार्किंगमधलाच, जुना. मी त्याला विचारणार आहे. त्याचं येस आल्याशिवाय बॉल हातातून सुटत नाही, हा नियम तुम्हाला आता माहीत आहे. तेव्हा आपण उत्तराची वाट पाहू. खुर्च्यांचा आवाज नको, फोनचा नको. मी बॉल खिशात ठेवला की बसा. टीममधल्यांना तो खिशात गेलेला ऐकू येईल.

मारुती, रेडी?