नापास स्मरणशक्ती

हॅलो? … कोण, चिमी? … मीच बोलतोय. बस आधी. शपथेवर सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही, असं आज घडलंय… नंतर? नंतर कशाला? … कोण आलंय? पडदेवाला? आत्ताच? … अगं, दुकानाची किल्ली दिलीस पण? … शटर वरखाली करून बघतोय? करू दे. तू फोन ठेवू नकोस. दादा म्हणतेस ना मला? मग ऐक.

तुझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

… हो, हो, 'घसरलीय' म्हणाला तो, माहितीये मला! विद्यापीठातला तो औषध न देणारा डॉक्टर, आपल्या दोघांची स्मरणशक्ती तपासणारा. … कसलं यंत्र अन् कसलं काय! नाणं उडवत होता गं तो, नाणं! छापा पडला की 'वा, उत्तम', काटा पडला की 'अरेरे, वयाच्या मानाने फारच घसरली'. मला छापा, तुला काटा. … तेच म्हणतोय! मला 'उत्तम' म्हणाला तेव्हाच पाल चुकचुकली. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस मी. मी पहिला आणि तू शेवटची? म्हटलं, दाल में काला नाही, ही अख्खी डाळच करपलीय.

मग गेलो. जिन्यातच गाठला. विचारलं तर काय म्हणावं त्याने? 'आजोबा, वाईट ऐकल्यावर माणूस पुढच्या चाचणीत किती गडबडतो, ते बघायचं होतं. आधीच खरं सांगितलं असतं तर आकडे बिघडले असते.' आकडे बिघडले असते! माझी बहीण बिघडली ते चाललं त्याला! … अगं ऐक ना. नियम आहे त्यांचा. कामापुरतं खोटं बोललात, ठीक. पण काम झाल्यावर माणसाला समोर बसवायचं, खरं सांगायचं, मनातला काटा काढायचा, मगच घरी पाठवायचं. तुला काय दिलं? बिस्किटाचा पुडा! 'नंतर सांगणार होतो, सुट्ट्या लागल्या' म्हणाला. शहाण्याच्या सुट्ट्या लागल्या आणि इथे तू शिवणयंत्रावर चादर टाकलीस.

… संमतीच्या कागदावर सही केली होतीस? मग? सही शब्द पाठ करायला दिली होतीस, भीती घरी न्यायला नाही. … काय उलटी लागली? बाही? अगं, 'तू पडणार, पडणार' म्हणत राहिलं तर सपाट रस्त्यावरही माणूस ठेचकाळतो. एक बाही उलटी लागली म्हणून तीस माणसांची मापं तोंडपाठ असलेली बाई दुकान देते? तेही त्या पडदेवाल्याला? ज्याला सरळ कापड सरळ कापता येत नाही?

… नाही पटत? तुझी समजूत घालतोय म्हणतेस? … बरं. मग पुढचं ऐक. असल्या लोकांवर नजर ठेवायला एक समिती असते. गेलो थेट आत! तो तपकिरी कोट चढवला होता. पाच जण बसलेले. अध्यक्षीणबाईंनी सगळं ऐकून टेबलावर अशी मूठ आपटली, की वरचा पंखा बंद पडला. 'बोलवा त्याला!' आला शेपूट घालून. कसला डॉक्टर, नुसती भिजलेली मांजर. बाई म्हणाल्या, 'माणसं म्हणजे तुमच्या पिंजऱ्यातले उंदीर का?' त्याबरोबर भिंतीवरची त्याची पदवी खिळ्यासकट खाली! मी कोटाच्या आतल्या खिशातून शांतपणे चष्मा काढला आणि…

काय? … कोट? हो, तपकिरीच. … तुझ्याकडे कसा असेल? अंगावर होता माझ्या. … कुठे? शिवणयंत्रामागच्या खिळ्यावर? … छे, तो दुसरा कुणाचा तरी. … माझ्या धाकट्या लेकीला स्टेशनवर सोडून येताना मी टाकून गेलो? … अस्तर उसवलंय. बरं. … आतला खिसा उंदराने कुरतडला म्हणून तूच कापून काढलास? मग मी चष्मा काढला कुठून? … अं… बटणं कशी आहेत म्हणालीस? … चार शिंगाची, एक प्लास्टिकचं. … आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उतरता, हं. … ते प्लास्टिकचं बटण कुणी लावलं होतं, तेही आठवतंय? … तुझ्या वहिनीने? काळ्या दोऱ्याने? … चिमे, हे मला चाळीस वर्षं कोट घालूनही माहीत नाही गं.

… ओरडू नकोस, कान फुटतोय! … नाही, सगळंच खोटं नाही, माझ्या गळ्याची शपथ, नाण्याचं खरं आहे. जिन्यातलंही खरं. समितीही आहे, पण ती उद्या सकाळी बसते. आपण दोघं जायचं. तेवढा कोट शिवून ठेव, म्हणजे आजचं उद्या खरं करता येईल. … काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं. मोठ्याने म्हण. पडदेवाल्यालाही ऐकू जाऊ दे…

… 'दादा, तू धादांत खोटं बोलतोयस, मला सगळं आठवतंय.'

हां! … आणि हे कुणाला, 'अहो, ती किल्ली टाका इकडे'? … चिमे? … हॅलो?