साबणाचे दोन थेंब

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी बाटली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिची आत्या.

"आत्या, रात्री तेल वर होतं, पाणी खाली. आता सगळं दुधासारखं झालंय. काय केलंस तू?"

"काचेला आतून तेल चिकटलेलं गं. शाळेत मांडायची बाटली, अशी कळकट कशी न्यायची? भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि हलवली."

"अगं, तेल-पाणी मिसळत नाही, हेच तर दाखवायचं होतं मला. आता बाईंना काय सांगू?"

"सांग, आत्या वेडी आहे."

"ते त्यांना पालकसभेतच कळलंय."

"बघा, जीभ कशी चालते."

"आत्या, तेलकट कढईलाही तू हाच साबण लावतेस?"

"मग? नुसत्या पाण्याने तेल हलतंय थोडंच? साबण लावला की पाण्याबरोबर निमूट जातं."

"म्हणजे साबण दोघांची गट्टी जमवतो."

"तसं म्हण."

"मग दोन बाटल्या मांडते. ही साबणाची, दुसरी बिनसाबणाची."

"आणि तेल कुठून आणणार?"

"सकाळी तू माझ्या डोक्यावर थापलंयस, तेवढं पुरेल."

"पिळू का वेणी?"

"उतरल्यावर. इथे लोक बघतायत."