अळणी व्रत

लिहून घ्या हो, पण लेकीचं नाव बदला, माझं राहिलं तरी चालेल. मी करजणची, वडील रेल्वेत होते, लग्न होऊन बडोद्याच्या वाडी भागात आले ती इथलीच झाले. दारात शिलाई मशीन, पोळातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज मीच शिवते, त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते मला आधी कळतं, आणि माझ्या घरातलं कोणाला कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला.

काय सांगू तुम्हाला, पोरगी ऑफिसात जाणारी, हुशार, आणि एकदम झोपच उडाली तिची, बोलायला लागली की थांबेना, माझ्या साड्या रस्त्यात वाटायला निघाली, मग ते ओसरलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवेना, केस विंचरू देईना. सासूबाई म्हणाल्या भुव्याकडे न्या. आपल्याकडचा मांत्रिक असतो ना, तसा तो भुवा. त्यानं तिचे केस धरले आणि ओरडला, बोल, कोण आहेस तू? ती रडत म्हणाली, मी मनीषा. मग मात्र माझं डोकंच सटकलं, त्याचा हात झटकला आणि तिला घेऊन घरी आले.

नंतर मनाच्या आजाराच्या डॉक्टरबाई भेटल्या. लिथियमची गोळी, मधूनमधून रक्ताची तपासणी, शिवाय तिथल्या एक ताई तिच्याशी बसून बोलायच्या, झोप कशी सांभाळायची, आजार डोकं वर काढतोय हे कसं ओळखायचं. गोळीनं मन ताळ्यावर आलं, बोलण्यानं धीर आला. पोरगी परत ऑफिसला जाऊ लागली. पोळात मी सांगितलं, थायरॉईडच्या गोळ्या आहेत.

आता आमच्याकडे आषाढात गुजराती मुली जयापार्वतीचं व्रत करतात, चांगला नवरा मिळावा म्हणून, पाच दिवस मीठ बंद. मनीषाही त्यांच्यातच वाढलेली, तीही करायची, आजारपणात राहून गेलं. समोरच्या कोकिलाबेन म्हणाल्या, अर्धवट सोडलेलं बरं नाही. आणि मनीषा म्हणाली, आई, मला सगळ्यांसारखं करू दे ना गं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पाणी भरपूर पी, उपास करायचा तर आधी विचार. पण उपाशी कुठे राहायचं होतं? दूध, फळं, अळणी भाकरी, सगळं खायचंच होतं. मिठाचा गोळीशी काय संबंध, आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात पूजा चालली होती, हिनं आरतीचं तबक उचललं आणि ते थरथरायला लागलं. सकाळपासून दोनदा ओकली होती, पाय धड पडेनात, जीभ जड झालेली. कोकिलाबेन हात जोडून ओरडल्या, माताजी आव्या, माताजी! अंगात देवी आली म्हणून बायका पाया पडायला लागल्या हो तिच्या! मी तबक काढून घेतलं, तिथूनच दवाखान्यात फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, मीठ खाते ना? नाही म्हटल्यावर म्हणाले, पुढची गोळी देऊ नका, ताबडतोब घेऊन या, मीठ बंद केलं की ही गोळी अंगात साचते, तिचं विष होतंय.

रिक्षा बोलावली तर कोकिलाबेन आडव्या, व्रत तोडलं तर देवी कोपेल. तेव्हा मी भर चौकात ओरडले, माझी पोरगी डोक्याच्या आजाराच्या गोळ्या घेते, थायरॉईड नाही, ऐकलंत सगळ्यांनी? आता व्हा बाजूला!

सलाइन लागलं. ती डोळे उघडेना, मी तिचे तळपाय चोळत बसले, देवाला म्हटलं, नवरा नको, लग्न नको, मला माझी पोर दे. संध्याकाळी तिनं पाणी मागितलं तेव्हा मी हमसून हमसून रडले. पुढे रक्त तपासून गोळी परत सुरू केली, थोडी कमी.

पोळात तोंडं फिरली, ब्लाउज यायचे कमी झाले. होऊ देत, म्हटलं. मग परवा दुपारी कोकिलाबेन आल्या, हातात कापडसुद्धा नाही. मशीनपाशी बसल्या. मनात आलं, चांगलं सुनवावं आता हिला. तेवढ्यात हळूच म्हणाल्या, बेन, माझी सून कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय, तुमच्या डॉक्टरबाई कुठे बसतात?

मी मशीन बंद केलं. आतून मनीषाच चपला घालत आली आणि म्हणाली, चला मासी, मी येते तुमच्याबरोबर.

देव सगळ्यांच्या लेकीसुनांना बरं ठेवो.