आईच्या मनगटावरची पट्टी

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“अनुषा, काल मीटिंग सोडून कुठे पळालीस गं?”

“घरी, राजाजीनगरला. आईच्या मनगटावर ती पातळ पट्टी चिकटवलीय ना, कातडीसारखी? तिच्यावर बोट दाबलं की माझा फोन वाजतो. काल सारखा वाजत होता, आणि आई काही फोन उचलेना.”

“अय्यो! पडल्या की काय?”

“मलाही तेच वाटलं. ऑटोत नुसती रडत होते. दार उघडून बघते तर बाईसाहेब गाणं गुणगुणत कणीक मळतायत! हात पिठात, म्हणून फोन घेतला नाही.”

“मग पट्टी दाबली कुणी?”

“बांगड्यांनी. मळताना सारख्या पट्टीवर आपटत होत्या.”

“देवा! मग सांग की त्यांना, बांगड्या काढून ठेवा म्हणून.”

“कशी सांगू, शालन? अप्पा गेल्यापासून तिचे हात ओकेबोकेच होते. काल पहिल्यांदा तिनं आपणहून घातल्या. हिरव्यागार.”

“मग गं?”

“मग काय, पट्टीच काढली आणि दंडाला चिकटवली.”